सांगली हेडक्वार्टर, कार्डिओ-डायबेटिक डिव्हिजन, पुढच्या मंगळवारी मुलाखत. काय वाचू?

तासगावकर_२३ · सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिलाच धागा काढतोय. चूकभूल पदरात घ्या.

बी.एस्सी. केमिस्ट्री, ५८ टक्के. दीड वर्ष झालं, तासगावात बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब लिहितोय. आता एका औषध कंपनीकडून एमआरच्या, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं सांगणाऱ्या प्रतिनिधीच्या जागेसाठी बोलावणं आलंय. मुलाखत पुढच्या मंगळवारी कोल्हापुरात, एका हॉटेलात. ओळखीच्या एका दादानं माझा नंबर पुढं सरकवला म्हणून फोन आला, पण "आत काय बोलायचं ते तुझं तू बघ" म्हणून त्यानं हात वर केले.

फार्माकॉलॉजीची एक जाडजूड पीडीएफ उतरवून घेतली आहे. तीन दिवसांत ४० पानं झाली आणि त्यातली ३८ विसरलो. यूट्यूबवर बघावं तर सगळे 'हा पेन विकून दाखवा' यावरच अडकलेत. इंग्रजी वाचता येतं, बोलताना ततपप होतं. हातात आठ दिवस आहेत. नेमकं काय करू?

बॅगेत_बारा_किलो · सोमवार, रात्री ११:०५

पीडीएफ बंद कर आधी.

मी नाशिकला नऊ वर्षं बॅग उचलली, आता समोरच्या खुर्चीत बसून पोरं घेतो. तिथं बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते सांगतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता हा पोरगा कुठं असेल? दवाखान्याच्या बाकावर, की घरी पंख्याखाली पडून ॲपमध्ये खोटे कॉल, म्हणजे न झालेल्या डॉक्टर-भेटी, टाकत? बाकी सगळे प्रश्न याच्याच आजूबाजूला फिरतात. जागा भरायची, ट्रेनिंगला पाठवायचं आणि चौथ्या महिन्यात "सर, घरी अडचण आहे" असा मेसेज यायचा, याला आम्ही कंटाळलोय.

म्हणून उद्या सकाळी ओळखीच्या मेडिकलवर जा. मालकाला सरळ सांग, "मुलाखत आहे, तासभर कोपऱ्यात उभा राहू का?" गर्दीच्या वेळी मध्ये येऊ नकोस. एक छोटी वही घे. कोणत्या डॉक्टरची चिठ्ठी, कोणतं मॉलिक्यूल (म्हणजे मूळ औषध), कोणता ब्रँड, किती दिवसांच्या गोळ्या, एवढंच लिही. पेशंटचं नाव लिहायचं नाही. आमच्या धंद्यात याला आरसीपीए म्हणतात, आणि निम्मे एमआर तो गाडीवर बसून मनानं भरतात. तू नोकरी लागायच्या आधी करून आलास तर समोरचा खुर्ची पुढं ओढून बसेल.

मॉलिक्यूल सहाच धर: टेल्मिसार्टन, अम्लोडिपिन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराईड, डापाग्लिफ्लोझिन, रोझुवास्टॅटिन. तुझ्या डिव्हिजनचा निम्मा संसार यातच आहे. प्रत्येकाचं चार ओळींत: शरीरात कुठं काम करतं, कधी घ्यायचं, त्रास काय होतो, बाजारात कोणाचा ब्रँड चालतो.

हल्ली_मुक्काम_पिंपरी · सोमवार, रात्री ११:२०

एमआरमध्ये आता काही राहिलं नाही. एमपीएससी दे.

बॅगेत_बारा_किलो · सोमवार, रात्री ११:२२

@हल्ली_मुक्काम_पिंपरी, माझ्या हाताखाली दोन जण एमपीएससीचे सहा-सहा प्रयत्न करून आलेत. चांगले आहेत पोरं, वाचायची सवय आहे.

डॉ_वामकुक्षी · मंगळवार, दुपारी २:४०

फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावी. माझ्या केबिनमध्ये एमआरला मिळतो जेमतेम अर्धा मिनिट, तोही दोन पेशंटच्या मध्ये. त्यात बहुतेक जण गोळीची आरती म्हणतात. मी मध्येच विचारतो, "ही कोणाला द्यायची नाही?" आणि आरती थांबते.

टेल्मिसार्टन गरोदर बाईला द्यायची नाही. अम्लोडिपिननं काही पेशंटच्या घोट्याला सूज येते आणि ते "पायात पाणी झालं" म्हणत घाबरून येतात. टेल्मिसार्टन जोडीला असेल तर ती सूज कमी दिसते. ग्लिमेपिराईड घेऊन जेवण चुकवलं तर साखर खाली जाते. माझ्याकडे एकादशीला असे पेशंट येतात. डापाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे बाहेर काढतं, त्यामुळे जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, आणि बायका हे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत. हे जो एमआर मला सांगतो त्याचं बाकीचंही ऐकावंसं वाटतं. औषधाची खोड लपवणाऱ्याचं कार्ड मी ठेवत नाही.

एचबीएवनसी म्हणजे साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, आणि ६.५ टक्क्यांपासून पुढं मधुमेह धरतात, एवढं तरी यायलाच हवं. हल्ली नव्या मुलांना तेही येत नाही.

(अवांतर: दुपारी दोन ते चार कृपया येऊ नका. माझा आयडी बघा.)

तासगावकर_२३ · मंगळवार, दुपारी ३:१५

डॉक्टर, मनापासून आभार. एकादशीचं लिहून घेतलं. माझी आजी ग्लिमेपिराईडवर आहे आणि तिचे आठवड्यात दोन उपास असतात. तिच्या डॉक्टरांशी आजच बोलतो.

निवृत्त_एबीएम · मंगळवार, रात्री ९:३०

बारा किलोवाल्यांनी फील्डचं सांगितलं, मी हिशेबाचं सांगतो. तू अडत दुकानात लिहिणावळ करतोस म्हणजे तुला हे सोपं जाईल. बाकीची मुलं इथंच गार होतात.

कागद घे. समजा एका पट्टीची एमआरपी १०५ रुपये आहे आणि औषध सरकारी किंमत-नियंत्रणाच्या यादीत नाही. एमआरपीत जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवर तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो काढला की राहिले १००. केमिस्टचं मार्जिन २० टक्के, म्हणजे त्याला पट्टी पडली ८० ला. हा झाला पीटीआर. स्टॉकिस्टचं, म्हणजे केमिस्टला माल देणाऱ्या ठोक व्यापाऱ्याचं, १० टक्के, तेही ८० वर. म्हणजे त्याला पडली ७२ ला, हा पीटीएस. यादीतल्या औषधांना हेच आकडे १६ आणि ८ धरायचे. आता समज, कंपनीनं दहावर एक फुकट अशी स्कीम दिली. केमिस्टनं ८०० दिले आणि ११ पट्ट्या मिळाल्या. पट्टी पडली ७२ रुपये ७३ पैशांना. हे तोंडी करायचा सराव कर, कॅल्क्युलेटर काढू नकोस.

दुसरं म्हणजे प्रायमरी आणि सेकंडरी. कंपनीनं स्टॉकिस्टला घातलं ते प्रायमरी, स्टॉकिस्टकडून केमिस्टकडे गेलं ते सेकंडरी. महिन्याच्या सुरुवातीला स्टॉकिस्टकडे २०० पट्ट्या होत्या, कंपनीनं ३०० घातल्या, महिनाअखेर ३५० शिल्लक. सेकंडरी किती? १५०. म्हणजे वर ३०० चा आकडा पाहून पेढे वाटले आणि बाजारात गेला निम्माच माल.

यावरून एक प्रश्न हमखास येतो. "टार्गेट दोन लाखांचं, २५ तारखेला एक लाख वीस हजार झालेत, काय करशील?" मुलं छाती काढून म्हणतात, "सर, स्टॉकिस्टला रिक्वेस्ट करून माल टाकीन." आधी विचारायचं, सर, क्लोजिंग स्टॉक किती आहे? माल पडून असेल तर आणखी घालून तो तीन महिन्यांनी एक्स्पायरीच्या खोक्यातून परत येतो. माल नसेल तर गोष्ट वेगळी. मग कोणत्या केमिस्टकडे आपला ब्रँड संपलाय ते बघून तिथून ऑर्डर उचलायच्या.

खोटं कशाला बोलू, मार्चच्या २८ तारखेला मीही माल कोंबलेला आहे. रात्री अकराला स्टॉकिस्टच्या दारात उभा राहून.

काउंटरमागून · मंगळवार, रात्री १०:५०

@निवृत्त_एबीएम, तुम्हीच का ते! 😄 ते खोकं अजून आमच्या माळ्यावर आहे.

मुला, मेडिकलवर जायचा सल्ला बरोबर आहे, पण संध्याकाळी सहा ते नऊ जाऊ नकोस. जीएसटी उतरला त्या आठवड्यात जुन्या छापील किमतीच्या पट्ट्यांवरून काउंटरवर जी भांडणं झाली, तेव्हापासून गर्दीत कोणी आगंतुक उभा राहिला की आमची चिडचिड होते. सकाळी अकराला ये, चहाही मिळेल.

स्कूटीवाली · बुधवार, सकाळी ७:५५

कोकणात सात वर्षं एमआर. धागा मुलाचा आहे, पण वाचणाऱ्या मुली असतील म्हणून लिहिते. तुम्हाला 'हा पेन विका' नंतर येईल, आधी "लग्नाचं काय ठरलंय?" आणि "रात्री नऊला शेवटचा कॉल झेपेल का?" हे येतं. पहिल्या मुलाखतीत मी रडकुंडीला आले होते. दुसऱ्या वेळी शांतपणे म्हटलं, "सर, गाडी माझी आहे, लायसन्स माझं आहे, आणि माझ्या गावातल्या नऊपर्यंत चालणाऱ्या ओपीडींची ही यादी." यादी खरंच नेली होती. लग्नाच्या प्रश्नावर मात्र उत्तर दिलं नाही, पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसले. जागा मिळाली.

धागाकर्त्या, इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. "माझी ओळख" आणि एका ब्रँडचं डिटेलिंग (डॉक्टरला औषध समजावून सांगणं), एवढी दोन मिनिटं इंग्रजीत घोटून ठेव. बाकी अडलं तर सरळ विचार, "सर, मराठीत सांगू का?" डॉक्टरांशी निम्मं बोलणं मराठीतच होणार आहे. डिटेलिंग करताना व्हिज्युअल एड (औषधाची चित्रांची फाईल) समोरच्याकडे तोंड करून धरायचा आणि पेनानं दाखवायचं. बोटानं नाही. आरशासमोर वहीचा पुठ्ठा धरून सराव कर. घरचे हसतील, हसू दे.

नेमणूकपत्र_दाखवा · बुधवार, दुपारी १:१०

मुलाखतीच्या तयारीत हेही धरा. नोकरीसाठी कोणी 'डिपॉझिट' किंवा 'ट्रेनिंग फी' मागितली तर तिथूनच परत फिरा. मूळ मार्कशीट ठेवून घेणारेही भेटतात. मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्स द्यायची.

एमआरसाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉईज कायदा होता. त्यात नेमणूकपत्र कोणत्या नमुन्यात द्यायचं तेही ठरलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांच्यात गेला. पण लेखी नेमणूकपत्राचा हक्क राहिलाय आणि औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत सेल्स प्रमोशनवाले नाव घेऊन आहेत. व्हिजिटिंग कार्डवर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून कोणी साहेब होत नाही. पगार विचारताना बेसिक किती, इन्सेंटिव्ह किती, आणि एक्स-स्टेशन (बाहेरगावी जाऊन त्याच दिवशी परत), आऊटस्टेशनचा (मुक्कामाचा) भत्ता वेगळा किती, हे सुटं करून विचारा.

बॅगेत_बारा_किलो · बुधवार, दुपारी १:४५

+१. फक्त भत्त्याचं पहिल्या पाच मिनिटांत विचारू नकोस. त्यांनी "तुला काही विचारायचंय?" म्हटल्यावर विचार.

तासगावकर_२३ · शुक्रवार, रात्री १०:३०

दोन दिवस दोन मेडिकलवर उभा राहिलो. पहिल्या ठिकाणी मालकानं "कोणत्या पक्षाकडून आलास?" विचारलं.

एकूण ६१ चिठ्ठ्या लिहून घेतल्या. बीपी-शुगरच्या २७ निघाल्या. त्यातल्या १९ मध्ये टेल्मिसार्टन कुठल्या ना कुठल्या रूपात होतं, एकटं किंवा अम्लोडिपिनबरोबर. डापाग्लिफ्लोझिन सातच, आणि त्यातल्या सहा एकाच डॉक्टरच्या. मला वाटलं होतं हे महागडं औषध म्हणून कमी चालत असेल. मेडिकलवाले काका म्हणाले, पेटंट २०२० मध्ये संपलं, तेव्हापासून मायंदाळ ब्रँड आलेत आणि भाव खूप उतरलेत. बाकीच्या डॉक्टरांना कोणी नीट समजावूनच सांगितलं नाही.

आणखी एक. एका आजोबांनी ३० दिवसांच्या चिठ्ठीवर दहाच गोळ्या घेतल्या. म्हणाले, "पुढच्या बाजारी बघू." असे मी मोजले, २७ पैकी ११. हे मुलाखतीत सांगायचं का, की उगाच शहाणपणा होईल?

बॅगेत_बारा_किलो · शुक्रवार, रात्री १०:४१

सांग! हेच सांग. मॅनेजरलाही हा आकडा माहीत नसतो. दोनच दुकानांचा आहे, हे मात्र आधी सांग. नाहीतर तो म्हणेल, जिल्ह्याचा सर्व्हे करून आलास का.

निवृत्त_एबीएम · शुक्रवार, रात्री ११:१५

६१ चिठ्ठ्या! माझ्या शेवटच्या टीममध्ये महिन्याला इतक्या खऱ्या जमायच्या नाहीत.

एक राहिलं. नीतीचा प्रश्न येईल. १२ मार्च २०२४ ची यूसीपीएमपी, म्हणजे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची संहिता डोळ्यांखालून घाल. डॉक्टरला किंवा त्याच्या घरच्यांना भेटवस्तू नाही. ब्रँडची आठवण करून देणारी वस्तू १००० रुपयांच्या आतली. एका औषधाची वर्षाला एका डॉक्टरला सँपलची १२ पाकिटं, त्याहून जास्त नाही. वर्षापेक्षा जुन्या औषधाला 'नवीन' म्हणायचं नाही. प्रत्यक्षात काय चालतं त्यावर वेगळा धागा निघेल, इथं नको.

तासगावकर_२३ · मंगळवार, रात्री ९:०५

झाली मुलाखत. सविस्तर लिहितो, मागं कोणी येईल त्याला उपयोगी पडेल.

साडेदहाची वेळ होती, नंबर आला सव्वा एकला. आम्ही चौदा जण होतो, नऊ बी.फार्म. वाले. टाय मला एकट्यालाच बांधता येत नव्हता. इचलकरंजीच्या एका पोरानं बांधून दिला. आत दोघं होते, एबीएम (एरिया मॅनेजर) आणि त्यांच्या वरचे आरएसएम (रिजनल मॅनेजर).

ओळख इंग्रजीत सांगितली, दोनदा अडखळलो. मग आरएसएमनी रेझ्युमे बाजूला ठेवला. "बेदाण्याच्या दुकानात दीड वर्ष? उधारी कशी चालते तिथं?" याची तयारी केली नव्हती, पण हेच तर रोज करतो. सौदा झाल्यावर पैसे ठरलेल्या दिवसांनी येतात, व्यापारी लांबवतात, आणि दिवाळीच्या वेळी सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांचं देणं फेडून खातं शून्यावर आणायचं, मगच नवे सौदे, हे सगळं मराठीतच सांगितलं. ते हसले. एबीएमना म्हणाले, "आपल्या स्टॉकिस्टांकडे लागू करा हे." मग पीटीआर-पीटीएस तोंडी विचारलं. एबीएम काका, एमआरपी २१० दिली होती त्यांनी, तुमच्या उदाहरणाची दुप्पट! १४४ म्हणालो.

टेल्मिसार्टन कोणाला द्यायचं नाही, हे विचारलं नाही. मीच डिटेलिंगमध्ये सांगितलं. एबीएमनी मध्येच तोडून विचारलं, "डॉक्टर समोर असताना स्वतःच्या गोळीचा दोष सांगशील?" एक क्षण गडबडलो. म्हटलं, "सर, मी नाही सांगितला तरी दुसऱ्या कंपनीचा माणूस सांगेलच." ते काही बोलले नाहीत, फक्त लिहून घेतलं.

वही दाखवली. दोन्ही दुकानांचं, आणि दोनच दुकानांचं आहे हेही सांगितलं. दहा गोळ्यांच्या आजोबांवर पाच मिनिटं बोलणं झालं.

चुकलं ते पण लिहितो. "डॉक्टरनं मुलाच्या वाढदिवसाचा केक मागितला तर?" यावर मी अख्खी संहिता म्हणून दाखवली. आरएसएम म्हणाले, "हे मला माहीत आहे. डॉक्टरला काय म्हणशील?" तिथं शब्दच सुचले नाहीत. शेवटी म्हणालो, "सर, शुभेच्छा देईन." दोघंही हसले. चांगलं हसले की वाईट, कळलं नाही.

निकाल अजून नाही. गुरुवारी एबीएमबरोबर मिरजेत दिवसभर फील्डला बोलावलंय. त्यानंतर सांगतील.

डॉ_वामकुक्षी · मंगळवार, रात्री ९:३०

केकचं उत्तर उत्तम आहे. माझ्याकडे आलास तर मी तेवढ्यावर समाधान मानीन.

स्कूटीवाली · मंगळवार, रात्री ९:४२

चौदातून फील्डला किती जणांना बोलावलं?

तासगावकर_२३ · मंगळवार, रात्री ९:४५

ताई, तिघांना. टाय बांधून देणारा पण आहे त्यात. 🙂

निवृत्त_एबीएम · मंगळवार, रात्री १०:०२

गुरुवारी तुझी परीक्षा केबिनच्या बाहेर आहे. आत एबीएमच बोलेल. तू बाहेर कंपाउंडरशी, केमिस्टशी कसा बोलतोस आणि दोन कॉलच्या मधल्या वेळात मोबाईल काढतोस का, ते बघतील. मिरज म्हणजे डॉक्टरांचं गाव, एका गल्लीत दहा पाट्या. दिवसात बारा कॉल सहज होतात, पण वेळा सांभाळाव्या लागतात. कोणाची ओपीडी किती ते रात्री लिहून घे.

बॅगेत_बारा_किलो · मंगळवार, रात्री १०:१०

आणि नवे बूट घालू नकोस.

तासगावकर_२३ · मंगळवार, रात्री १०:१२

मुलाखतीसाठी नवेच घेतलेत की हो, परवा. आजच टाचा सोलल्यात.

काउंटरमागून · मंगळवार, रात्री १०:१४

टाचेला पट्टी लाव आणि उद्या दिवसभर घरात तेच घालून फिर. पट्टी माझ्याकडून फुकट, तासगावच्या बाजारपेठेत ये.